जमिनीला न टेकलेला दांडा

१

भरीत संपलं, पुऱ्या संपल्या, आणि हात धुवून सगळे बाजेकडे वळले, तर बाजेवर दांडा नाही.

उशी होती. जीवराम नानांची काठी होती, डॉक्टरीणबाईंचा गॉगल होता. दांडा तेवढा नव्हता. आधी सगळे एकमेकांकडे बघून हसले, कारण पळणाऱ्या माणसांना थट्टामस्करीची खोड असते. मग कुणीच कबूल होईना, तेव्हा हसणं आपोआप विरून गेलं.

आता दांडा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर म्हणाल, वेळूच्या हातभर तुकड्यासाठी एवढा कल्ला कशाला. यावलकडे पहाटे उठून पळणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण गावानं ठेवलं ‘पळापळ क्लब’ आणि तेच चाललं. हे लोक दर हिवाळ्यात एक रिले काढतात. छातीवर नंबर नाही, पदक नाही, पाहुण्यांचं भाषण तर नाहीच नाही. भुसावळच्या स्टेशनासमोरून निघायचं, तापीचा पूल ओलांडायचा, यावलमधून सातपुड्याच्या पायथ्याला मोहपाड्यावर पोचायचं, आणि तिथल्या शाळेतल्या पोरांना प्रत्येकानं एकेक जोडी बूट द्यायचे. बूट कोरेच पाहिजेत. नाना म्हणत, “आपल्या पायातलं काढून दुसऱ्याले देणं म्हणजे दान नही, घर झाडणं.” त्यामुळे वापरलेला बूट पाड्यावर कधी गेला नाही.

या रिलेत हातोहात जातो तो दांडा. मोहपाड्याच्या ठाकऱ्याबाबानं तो तोडून, तासून दिला होता. बाबा आता नाहीत. ज्याच्या आठवणीत पळायचं, त्याच्या कपड्याची चिंधी त्याला बांधायची. स्वतःच्या हातानं बांधायची, दुसऱ्यानं बांधलेली चालत नाही. एकदा बांधली की सोडायची नाही. आणि दांडा जमिनीला टेकवायचा नाही, एका रिलेपुरतं नव्हे, बारा महिने. म्हणून तो नानांच्या घरी खुंटीला टांगलेला असायचा, आणि रिलेआधीच्या रविवारी नानांच्या केळीच्या मळ्यात भरीत होई तेव्हा बाजेवर ठेवलेला.

त्यावरची पहिली चिंधी नानांच्या गेलेल्या बायकोच्या, शेवंताबाईंच्या लुगड्याची. ती त्यांच्या मुलानं, कुंदननं बांधली होती. कामिनीअक्कांची चिंधी हिरवी. अक्कांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या फाटक्या झेंडीचा तो तुकडा. अक्का स्वतः भुसावळला टीसी होत्या. एकानं गाडी सोडायची आणि एकीनं गाडीतल्यांना पकडायचं, असा त्यांचा संसार झाला. यजमान गेल्यावर त्या पळायला लागल्या. घरात बसवेना, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

लग्नसराईमुळे यंदा भरिताला मोजकीच माणसं होती. नाना, अक्का, खेळाच्या सामानाचं दुकान असलेला गिरधर, दातांच्या डॉक्टर लताबाई, आणि मोहपाड्याचा बादल. बादल ठाकऱ्याबाबांचा नातू. रावेरला केळीच्या पॅकिंगवर कामाला. कुंदन बंगळुरूला गेल्यापासून चढणीचा शेवटचा टप्पा तोच पळतो. सगळ्यांच्या अंगात क्लबाचे यंदाचे पांढरे टी-शर्ट होते.

बाजेखाली बघितलं, चुलीमागे बघितलं, गाडीच्या डिकीत बघितलं. नाना तेवढे बाजेवर बसून बोलत होते. “जाऊ द्या रे. वेळूच तो. नवा आणू. शनिवारी सगळ्यांनी यायचं अन् आपापल्या हातानं नवी चिंधी बांधायची. बाहेरगावच्यांनी बी.”

“तसं कसं जाऊ द्यायचं?” गिरधर म्हणाला. “बाजेला टेकून कोण बसलं होतं? मधेच उठून केळीत कोण गेलं होतं?” आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं बादलची पिशवी उचलून उलटी केली.

पिशवीतून टॉवेल पडला. त्याच्यामागून वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट पडले. लहान मुलाच्या मापाचे, कोरे.

बादलनं ते उचलले, कागद पुन्हा नीट गुंडाळला. आवाज चढवला नाही. “दांडा माझ्या आज्यानं केला होता. तो सापडेपर्यंत मी पळणार नाही. आणि चोर म्हणून माझं नाव घेऊन तुम्ही पाड्यावर आलात, तर तिथं कुणी तुमची वाट बघत उभं राहणार नाही.”

नानांनी मान खाली घातली होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी बादल मैदानावर आला तो पळायला नव्हे. त्यानं धुऊन घडी केलेला टी-शर्ट अक्कांच्या हातात दिला. “हा ठेवा तुमचा.”

गिरधरला राहवेल तर शपथ. त्यानं घडी उलगडली आणि बाहीवरचे डाग सगळ्यांना दाखवले. काळे, धुऊन उलट पक्के झालेले.

त्या डागांबद्दल तिथं कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. केळीचा चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसत नाही. वाळला की काळा पडतो, आणि मग साबण काय, सोडा काय, तो कपड्याचा जन्माचा सोबती होतो. म्हणून तर केळीत शिरायचे कपडे प्रत्येक घरात वेगळे असतात.

“केळीत गेला होतास ना?” गिरधर म्हणाला.

“गेलो होतो. एक पान आणायला. नानांनी सांगितलं म्हणून.”

सगळे नानांकडे वळले. नाना कडेच्या दगडावर बसले होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते पळत नाहीत, पण मैदानावर येणं चुकवत नाहीत. “सांगितलं असन मी,” ते म्हणाले. “लक्षात नही.”

‘लक्षात नही’ म्हणजे ना हो, ना नाही. बादल तिथं घटकाभर उभा राहिला, नानांकडे बघत. नाना बुटांच्या नाड्यांशी चाळा करत होते. क्लबाचा शर्ट त्यांच्या अंगात नुसता लोंबत होता, बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या. एका वर्षात म्हातारा किती वाळला, असं अक्कांच्या मनात आलं आणि त्यांना वाईट वाटलं.

बादल गेल्यावर गिरधर अक्कांजवळ आला. “त्याच्या पॅकिंगच्या मालकाशी माझी ओळख आहे, अक्का. एक फोन केला तर...”

“रविवारच्या रिलेपर्यंत तू कुणाला फोन करायचा नाहीस,” अक्का म्हणाल्या. “बिनतिकीट कोण आहे ते तिकीट बघितल्याशिवाय ठरत नाही.”

म्हणून बसल्या खऱ्या. पण आता ते ठरवायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

३

अक्कांनी सुरुवात गिरधरपासूनच केली. त्याच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली लाल मखमलीवर एक अॅल्युमिनियमचा चकचकीत दांडा ठेवला होता.

“कधी आणलास?”

गिरधर वरमला. “महिना झाला. नानांना दाखवला. म्हणाले, याला चिंधी बांधली तर घसरून जाईल. माझी हौस, अक्का. नीट दिसलं पाहिजे, फोटो चांगले आले पाहिजेत. पण म्हणून चोरी? माझ्या आईच्या पातळाची चिंधी आहे त्यावर. घरात तिची दुसरी वस्तू नाही, सगळं वाटून टाकलं.”

एवढं सांगून, आवाज पुन्हा दुकानदारासारखा होईपर्यंत तो काच पुसत राहिला. अक्कांनी त्याला पुसू दिलं.

“बादलवर का घसरलास मग?”

“कुणावर तरी घसरायचं होतं,” तो म्हणाला. एवढं खरं तो कधी बोलत नसे.

लताबाईंचं प्रकरण अवघड होतं. त्यांनी आपण होऊनच सांगून टाकलं.

“मला ती चिंधी सोडवायची होती, अक्का. तुम्हाला माहीत आहे.” चार हिवाळ्यांपूर्वी नवरा आजारी असताना त्यांनी त्याच्या शर्टाची चिंधी बांधली. तो बरा झाला, आणि दुसऱ्याच कुणाचा झाला. “नानांना म्हटलं, सोडू द्या. ते म्हणाले, बांधलेलं सोडायचं नाही. मी रागावले. पण दांडा घेऊन मी काय करू? रिलेत तो माझ्या हातात येतो तेव्हा त्या चिंधीवर अंगठा ठेवूनच पळते मी. अजून. हसू नका.”

“हसत नाही,” अक्का म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा अंगठा कुठं असतो हे त्यांनाच ठाऊक.

“एक सांग. परवा पानं कमी पडली होती का गं?” अक्कांनी विचारलं.

“केळीची? छे. विहिरीवर गठ्ठाच्या गठ्ठा उरला होता. मीच गाईपुढे टाकला की.”

अक्कांनाही तो गठ्ठा आठवला. हात धुताना त्यांनी पायानं बाजूला सारला होता. पानं इतकी असताना नानांनी बादलला नवं पान आणायला का पाठवावं? बादल खोटं बोलत असेल, किंवा नानांना बाजेजवळचा माणूस उठवायचा असेल.

दुसरं मनात येताच अक्कांनी ते झटकून टाकलं. तसं बघायला गेलं तर देवाच्या पुजाऱ्यावर संशय घेण्यासारखंच होतं ते.

निघताना लताबाई म्हणाल्या, “एक बरं झालं बाकी. कुंदन शनिवारी येतोय. नव्या दांड्यावर आईची चिंधी त्यालाच बांधायला लागणार ना. नाना सांगत होते. दरवर्षी त्याच्या मापाचा शर्ट घेऊन ठेवतात बिचारे, यंदा उपयोगी पडेल.”

“कसलं माप त्याचं?”

“मोठं. सगळ्यात मोठं.”

अक्कांनी स्कूटरला किल्ली लावली, पण स्कूटर चालू केली नाही.

४

नाना घरी एकटेच असतात. अक्का पोचल्या तेव्हा दारात चटई घालून ते ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या डब्यात भरत होते. शेजारणीकडून करून घेतल्या म्हणाले. “कुंदनले आवडतात.”

अंगणाच्या भिंतीवर बुटांचा एक जोड उन्हात ठेवला होता. पळायचे, मोठ्या मापाचे, रंग उडालेले, पण घासून घासून धुतलेले. नाड्या वेगळ्या काढून तारेवर वाळत घातल्या होत्या. पाड्यावर द्यायचे असतील, यंदा नानांनी बूट जरा लवकर काढले, असं मनाशी म्हणून अक्का आत गेल्या.

आत पलंगावर ट्रंक उघडी होती. वर शेवंताबाईंचं जांभळं लुगडं, आणि त्याच्या पदराची एक चिंधी फाडून, घडी करून बाजूला ठेवलेली.

“चहा घेशील ना, कामिनी?”

“घेईन. नाना, कुंदनचा फोन येतो का?”

“दर रविवारी. ‘नाना, बरं आहे ना?’ मी म्हणतो, ‘बरं आहे.’ तो म्हणतो, ‘काही लागलं तर सांगा.’ मी म्हणतो, ‘मले काय लागतं?’ झालं.” नानांनी गॅस पेटवला. “कामात असतो तो. त्याची माय होती तवा तिच्याशी तासभर बोले. आमचं दोघांचं बोलणं म्हणजे पळणंच. पहाटे तो पुढं पळे अन् मी सायकलीवर मागं. बोलायचं कामच पडलं नही कधी.”

चहा गोड होता. अक्कांनी बादलचा विषय काढला. “पोराची नोकरी जाईल, नाना. पाड्यावरच्या लोकांशी आपलं तुटेल. शाळेतली पोरं वाट बघत बसतील. तुम्हाला खरंच आठवत नाही, पान तुम्ही मागितलं का?”

नानांनी बशी खाली ठेवली. “सापडन दांडा,” ते म्हणाले. “रविवारनंतर सापडन कुठी तरी. मंग त्याच्यावरचा आळ बी जाईन.”

अक्का निघाल्या. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी पुन्हा त्या बुटांकडे पाहिलं. तापीच्या बाजूनं वारा सुटला होता आणि तारेवरच्या नाड्या हलत होत्या.

चौकापर्यंत गेल्यावर त्यांनी स्कूटर कडेला घेतली. वापरलेला बूट पाड्यावर जात नाही. नियम नानांचाच. मग ते बूट कुणासाठी धुतले होते?

आणि दांडा ‘रविवारनंतर’ सापडेल, हे नानांना कसं ठाऊक?

काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं स्वतःलाच म्हणत अक्कांनी स्कूटर वळवली ती मळ्याच्या रस्त्याला.

५

मळ्यात उखर्डू पाणी धरत होता. धुळ्याकडचा सालदार गडी, कित्येक वर्षं इथं आहे, पण बोली तिकडचीच ठेवली आहे.

“उखर्डूभाऊ, भरिताच्या दिवशी आम्ही हात धुवायला विहिरीवर गेलो, तेव्हा इकडे कोण होतं?”

“बठ्ठा तुम्हनाकडेच व्हतात, अक्का. नाना एकलाच केळीमा गयता. मी म्हनं, नाना, पांढरा कपडा शे, चीक लागी. त्यास्नी आयकं नही.”

“म्हणजे बाकी सगळे आमच्याबरोबर होते आणि नाना एकटेच केळीत गेले, हे तू कुणाला सांगितलं नाहीस?”

“कोनी इचारं नही. नाना सोताना मळामा गयता, त्यामा सांगानं काय शे?”

अक्कांनी तिथूनच नानांना फोन लावला. “मळ्यात या. एकटे या.” मग त्या बाजेवर बसून राहिल्या. पलीकडे घड कापून झालेल्या केळींची ओळ उभी होती, पानं लोंबलेली. वारा आला की ती खरखर वाजत होती.

नाना रिक्षानं आले. अक्कांना बघून उभेच राहिले.

“बसा, नाना. मी बोलते, चुकलं तर सांगा. उभा जन्म मी डब्यात तिकिटं तपासली. ज्याच्याकडे तिकीट असतं तो ते सापडेपर्यंत खिसे चाचपतो. ज्याच्याकडे नसतं तो शोधत नाही, बोलत सुटतो. परवा आम्ही सगळे बाजेखाली वाकलो होतो. तुम्ही बसून नव्या वेळूचं बोलत होतात.”

नाना बसले.

“पानांचा गठ्ठा उरलेला असताना तुम्ही बादलला पान आणायला पाठवलंत, कारण तो बाजेला टेकून बसला होता. तो उठल्यावर दांडा उशीखाली सरकवलात, आणि आम्ही विहिरीवर गेलो तेव्हा केळीत नेलात. तुमच्या शर्टाला चीक लागला, म्हणून सोमवारी तुम्ही कुंदनसाठी ठेवलेला शर्ट घातलात. मला वाटलं तुम्ही वाळलात. बूट तुम्ही त्याचे धुतलेत. चिंधी फाडून ठेवलीत ती त्याच्यासाठी. नवा दांडा म्हटला की नवी चिंधी, आणि ती बांधायला ज्याची त्यानंच यायला पाहिजे. नियम तुमचाच आहे.”

नाना काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले.

“एकच कळत नव्हतं. दांडा कुठे ठेवला असेल. चोर असता तर त्यानं विहिरीत टाकला असता, पाचोळ्यात पुरला असता. पण ज्यानं नेला त्याच्यानं तो जमिनीला टेकवला जाणार नाही. सगळं करील, तेवढं करणार नाही. मग मळ्यात अशी जागा कुठली, जी जमीन नाही, आणि उघडीही नाही?” अक्कांनी कापलेल्या केळींच्या ओळीकडे बोट केलं. “त्यातल्या एका खोडाला मधेच केळीच्या वाळक्या सोपटाची दोरी बांधलेली आहे. कापलेल्या झाडाला कोण बांधतं, नाना? तुम्हीच काढा तो. माझ्या हातून पडायचा.”

म्हातारा उठला. खोडाची दोरी सोडली, वरची जाड साल सोलल्यासारखी बाजूला केली आणि आत हात घातला. दांडा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता, तोंड घट्ट बांधून. चीक एकाही चिंधीला लागला नव्हता.

अक्कांनी हिरवी चिंधी शोधली. तिला हात लावला आणि काही वेळ तसाच ठेवला. आपल्याला एवढी भीती वाटत होती, हे त्यांना तेव्हा कळलं.

“तीन हिवाळे झाले,” नाना म्हणाले. “सुटी नही, सुटी नही. मी म्हटलं, राहू दे. पोरगं तिकडे मोठ्या कामावर. बापानं कसं म्हणायचं, ये म्हणून? आजारी पडलो असतो तर सांगता आलं असतं. आजारी बी पडंना. भरिताच्या दिवशी बाजेवर दांडा बघितला, अन् मनात आलं, हा नसता तर त्याले यायला लागलं असतं. बस्स. तेवढ्यानं केलं. बादलचं नाव पुढं येईन, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं, कामिनी. आलं तवा मी तोंड उघडायले पाहिजे होतं. उघडलं असतं तर कुंदन आला नसता.”

“म्हणून पोराची पिशवी उलटी होऊ दिलीत.”

“होऊ दिली,” नाना म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी हात वर नेला, मग हाताला लागलेला चीक आठवून तसाच खाली घेतला.

अक्कांना राग आला होता, आणि राग कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. आपला माणूस परत यावा म्हणून वाटेल ते करता येण्यासारखं असतं, तर त्यांनी तरी काय बाकी ठेवलं असतं? पण त्यांना तसं काही करता येण्यासारखं नव्हतं. नानांना अजून होतं.

“आधी बादल,” त्या म्हणाल्या. “मग कुंदन. दोघांना तुम्हीच सांगायचं. मी शेजारी उभी राहीन, बोलणार नाही.”

६

नाना बादलला फोनवर सांगायला गेले, तर तो म्हणाला, “नाना, माझी पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली. सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगा.”

म्हणून दुसऱ्या सकाळी मैदानावर नानांनी सांगितलं. उभं राहून, काठीवर दोन्ही हात ठेवून, काही न वगळता. गिरधरनं मधेच “जाऊ द्या, नाना” म्हणून पाहिलं; बादलनं त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. सांगून झाल्यावर नानांनी दांडा पुढे केला. बादलनं तो लगेच घेतला नाही. आधी गिरधरकडे वळला.

“चुकलो रे,” गिरधर म्हणाला. “तुझी पिशवी उलटी करायला नको होती.”

मग बादलनं दांडा घेतला. “पाड्यावरची मोगराआजी रोज विचारते, यंदा येणार ना म्हणून. पळतो मी. पण शेवटचा टप्पा मी कुणाला देणार नाही. कुंदनदादा आला तर माझ्या मागं पळू दे.” आणि “नाना, त्याला ये म्हणायला काय होतं तुम्हाला?” असं त्यानं विचारलं. ते टोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं.

आता उरला फोन. नानांनी तो स्पीकरवर टाकला, कारण कानाला लावला की त्यांना ऐकू येत नाही. अक्का ठरल्याप्रमाणे शेजारी उभ्या राहिल्या.

“नाना, बरं आहे ना?” कुंदनचा आवाज आला.

“बरं...” नाना थांबले. “दांडा सापडला. हरवला नव्हता. मीच लपवला होता.”

पलीकडून ऑफिसातला आवाज येत होता, कुणीतरी इंग्रजीत हसत होतं. मग कुंदननं जपून विचारलं, “म्हणजे नवा दांडा नाही? चिंधी बांधायची नाही? मग मी... शनिवारी आलो नाही तर चालेल ना?”

नानांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का दुसरीकडे बघू लागल्या. इथं तिकीट ज्याचं त्यानंच काढायचं होतं.

“नही चालणार,” नाना म्हणाले.

शनिवारी गाडी आली तेव्हा नाना आणि अक्का फलाटावर होते. अक्कांनी हट्टानं दोघांची फलाटाची तिकिटं काढली होती; रिटायर झालं म्हणून सवय रिटायर होत नाही. नाना प्रत्येक डब्याच्या दाराकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. कुंदन मागच्या डब्यातून उतरला. तो जाड झाला होता, कानशिलांवर पांढरं दिसत होतं. जवळ येऊन वाकला. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

“तुझे बूट धुऊन ठेवलेत,” ते म्हणाले.

“नाना, ते मला आता होतील का?”

“घालून बघ ना. घालून बघायले काय होतं?”

अक्का हळूच चार पावलं मागे सरल्या. शिट्टी झाली आणि गाडी हलली. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड उभा होता, हातातली हिरवी झेंडी वाऱ्यावर धरून. कुणी तरुण होता, अक्कांना अनोळखी. तरी गाडी यार्डाच्या वळणाआड जाईपर्यंत त्या बघत राहिल्या, आणि मग दोघांना हाक मारायला वळल्या.